थर्मामीटर रश्शात नव्हे, तंगडीत

कोल्हापूर हे मटणाचं गाव. पाहुणा आला की आधी मटणाची बात. चिकन म्हणजे "मग काय, चिकनच आणू काय?" असं जरा पडलेल्या आवाजात विचारायची गोष्ट. त्यामुळे चिकन शिजलं की नाही यावर आमच्या घरात कधी चर्चाच झाली नव्हती. मटणाला तास-दीड तास बसावं लागतं, त्यापुढे चिकन म्हणजे किरकोळ काम. पळीनं दाबून बघायचं, हाड सुटलं की उतरवायचं.

चर्चा सुरू झाली ती पुतण्यामुळे. तो पुण्यात सिंहगड रस्त्याला खोली घेऊन राहतो. जानेवारी २०२५ मध्ये त्याच भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण सापडायला लागले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू निघाला, आणि हा जिवाणू कोंबड्यांच्या आतड्यात असतो हे कळल्यावर मोबाईलवर 'चिकन बंद करा'ची लाट आली. संशय मुख्यतः पाण्यावर होता, आणि चिकन पूर्ण शिजवून खा, एवढंच जाणकार सांगत होते. पण 'पूर्ण शिजवून' म्हणजे किती, हे कोणी सांगेना. पोरगा गावी आला आणि पुढ्यातली तंगडी फोडून म्हणाला, "काका, हाडाजवळ लाल दिसालंय. हे शिजलंय?"

आई म्हणाली, "इतकी वर्षं खाल्लासा, कोण आजारी पडलंय काय?"

दोघांचंही काही चुकत नव्हतं, म्हणून मी सुईवाला डिजिटल थर्मामीटर मागवला. काही शेकड्यांत मिळतो. घरात कोरोनाच्या वेळची कपाळावर धरायची बंदूक पडून होती, पुतण्या ती घेऊन आला. ती इथं उपयोगाची नाही. ती फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते, आणि आपल्याला हवं असतं ते पीसच्या पोटातलं.

वापरण्याआधी थर्मामीटर खरा बोलतो का ते तपासावं लागतं. ग्लासभर ठेचलेला बर्फ, त्यात थोडं पाणी, ढवळून सुई मध्ये धरली. काचेला लावायची नाही. आकडा शून्याच्या आसपास आला. मग उकळत्या पाण्यात धरली तर ९८ अंशांवर जाऊन थांबला. पुतण्या म्हणाला, परत पाठवू या, दोन अंश कमी दाखवतोय. पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे, इथं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. थर्मामीटर बरोबर होता.

आकडा लक्षात ठेवायचा एकच, ७४ अंश सेल्सिअस. पीसच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकता, सुईनं ७४ दाखवलं की साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे दोन्ही जिवाणू तिथल्या तिथे मरतात. अमेरिकेत हाच आकडा सांगतात. ब्रिटनमध्ये ७० अंशांवर दोन मिनिटं असं सांगतात, कारण जिवाणू उष्णतेनं मरतात तसे वेळेनंही मरतात. तापमान जरा कमी असेल तर जास्त वेळ लागतो, ६५ ला दहा मिनिटं. घरगुती स्वयंपाकात एवढा हिशेब कोण ठेवणार, म्हणून ७४.

पहिलं मोजमाप मात्र शिजवायच्या आधीच झालं. बावड्यात आम्ही ज्या दुकानातून घेतो तिथं कोंबडी डोळ्यांसमोर कापून देतात. रविवारी सकाळी रांग असते, 'ताजं' म्हणून सगळे खूश असतात. जिवंत कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या घरात असतं. घरी येऊन पिशवीतल्या छातीच्या पीसमध्ये सुई खुपसली तर एकतीस. म्हणजे ताजं खरं, पण जिवाणूंच्या वाढीला अगदी मानवेल इतकं कोमट. ५ ते ६० अंश हा सगळा पट्टा त्यांच्या सोयीचा. असं चिकन घेऊन वाटेत भाजी, मग कोणाकडे चहा, मग घरी येऊन "बारा वाजता टाकू या" म्हणत ओट्यावर, असं करण्यात अर्थ नाही. दोन तासांच्या आत ते एकतर चुलीवर नाहीतर फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. उन्हाळ्यात पारा ३२ च्या वर असेल तर एका तासात.

आता धुण्याचा प्रश्न. इथं आमच्या घरात अजून युद्ध चालू आहे. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नये, असा सल्ला आता जगभर देतात, कारण धुऊन जिवाणू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर सिंकमध्ये, ओट्यावर, बाजूला वाळत घातलेल्या ताटांवर जाऊन बसतात. त्यांना मारायचं काम आच करते, पाणी नाही. पण हा सल्ला बहुधा पिशवीबंद, साफसूफ चिकन समोर ठेवून दिलेला असावा. आपल्या दुकानातल्या चिकनला रक्ताच्या गुठळ्या असतात, फुप्फुसाचे तुकडे चिकटलेले असतात, एखादं उपटायचं राहिलेलं पीसही. आईला सांगितलं, धुऊ नकोस. ती म्हणाली, "मग मी जेवत न्हाई." शेवटी तडजोड निघाली. सिंकमधली भांडी आधी बाजूला करायची, मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पीस त्यात बुडवायचे, हातानं गुठळ्या काढायच्या, नळ चालू ठेवायचा नाही, पाणी हळू ओतायचं, आणि लगेच सिंक साबणानं घासायचं. निर्दोष उपाय नाही हा. पण आधी नळ सोडून खळाखळा धुणं चालायचं, त्यापेक्षा बरा.

खरी गंमत मला पुढं दिसली. पुतण्या ओट्याशेजारी उभा राहून नुसता बघत होता. आईनं पिसांना हळद-मीठ चोळलं, मीठ कमी वाटलं, त्याच हातानं मिठाचा डबा उघडला. मग मसाल्याचा डबा. मग फोन वाजला, तो उचलला. मग ज्या पाटावर लेगपीसला चिरा दिल्या त्याच पाटावर, वरवर पाणी फिरवून, कोशिंबिरीची काकडी. पुतण्या म्हणाला, "आज्जी, चिकन शिजणार आहे, काकडी कुठं शिजणार आहे?" आमच्या आईला गप्प बसवणारी वाक्यं फार थोडी आहेत, त्यातलं हे एक. तेव्हापासून मीठ, हळद, आलं-लसणाचं वाटण आधीच एका वाटीत काढून ठेवतात, आणि काकडी-कांदा चिकनला हात लावायच्या आधी चिरून झाकून ठेवतात.

मग अळणी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पातेल्यात तेल, कांदा, आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण, हळद, मीठ, त्यात पीस परतायचे, वर ताट ठेवून ताटात पाणी ओतायचं. आतली वाफ ताटाला लागून खाली गळते, पीस आपल्याच पाण्यात शिजतात, आणि ताटातलं पाणी गरम होतं ते पुढं रश्शाला वापरतात. यातूनच तांबडा, यातूनच पांढरा आणि यातलेच पीस काढून सुक्कं. दहा मिनिटांनी ताट उचलून सुई घातली तर छातीचा पीस ८०, मांडीचा जाड पीस ७१. ताटातलं गरम पाणी आत ओतलं, दहा मिनिटं खळखळू दिलं, परत बघितलं. सगळे पीस ९० च्या पुढं. आणि इथून तांबड्याला अजून उकळ्या येणार, सुक्क्याला अजून परतणं होणार.

म्हणजे रश्शाच्या बाबतीत आई बरोबर होती. रश्शात चिकन कच्चं ठेवायचं म्हटलं तरी ठेवता येत नाही. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं बुडालेल्या एवढ्या-एवढ्या पिसांना थर्मामीटर लावणं म्हणजे हौस. उलट त्रास दुसऱ्या बाजूनं होतो. छातीचं मटण (म्हणजे चिकनचंच मांस) ७४ ला तयार होतं, ९० ला त्याचा चोथा होतो. मांडीचं आणि तंगडीचं ७४ ला निर्धोक झालं तरी चिवट लागतं, ८०-८५ च्या पुढं त्यातला चिकट भाग विरघळायला लागतो आणि मग ते मऊ पडतं. म्हणून आता आम्ही छातीचे पीस अळणीतून आधी काढून ठेवतो आणि शेवटच्या उकळीला परत सोडतो. हा फरक पडला तो चवीचा, आणि तो आईनंही मान्य केला.

गावठी कोंबडीत हे अजून स्पष्ट दिसतं. तिची अळणी पंधरा-वीस मिनिटं उकळली की आतला आकडा ७४ च्या केव्हाच पुढं गेलेला असतो, पण खाऊन दाखवा! दात निघतील. तिला तास-सव्वा तास लागतो तो मऊ पडण्यासाठी, जिवाणूंसाठी नव्हे. 'हाड सुटलं की झालं' ही आईची खूण गावठीला तंतोतंत लागू आहे, कारण हाड सुटेपर्यंत बाकी सगळं कधीच होऊन गेलेलं असतं.

पुतण्याच्या लाल हाडाचं काय? तेही मोजलं. अळणीतली तंगडी फोडली, आत ९१ अंश, आणि हाडालगत लालसर-तपकिरी डाग तसाच. बॉयलरची कोंबडी साधारण सहा आठवड्यांत कापायला येते. हाडं अजून पुरती घट्ट झालेली नसतात, मगजाचा रंग त्यातून झिरपून आजूबाजूच्या मटणाला लागतो. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या चिकनमध्ये हा डाग अजून काळपट दिसतो. तो कच्चेपणा नव्हे. आणि याच्या उलटही खरं आहे. चिकन पांढरं दिसायला लागतं ते ७४ च्या बऱ्याच आधी. लिंबात किंवा दह्यात मुरवलेलं तर चुलीवर जायच्या आधीच वरून पांढुरकं पडतं, पण जिवाणू तसेच जिवंत असतात. त्यात आपल्याकडं हळद आणि कांदा-लसणाची चटणी पडली की गुलाबी काय न् पांढरं काय, सगळंच तांबडं. रंग बघून ठरवायची सोयच कोल्हापुरात उरत नाही.

थर्मामीटरनं पैसे वसूल केले ते गच्चीवर. आखाड चालू होता, श्रावणाच्या आधीचा बुधवार, पावसानं जरा उघडीप दिलेली. पोरांनी सिगडी पेटवली आणि आख्ख्या तंगड्या, मांडीसकट, दही-चटणीत मुरवून जाळीवर टाकल्या. दहा-बारा मिनिटांत बाहेरून असा रंग आला की सगळे ताटं घेऊन उभे. एकीच्या मांडीत, सांध्याजवळ, सुई घातली. ५६. शेजारची ६१. एक काठावरची, जिच्याखाली निखारे कमी होते, ४९. आणि वरून तिन्ही सारख्याच खरपूस. दह्यातली साखर, चटणीतली मिरची आणि टपकणारं तेल, यांनी बाहेरचा भाग भराभर काळा होतो, आत मात्र उष्णता मुंगीच्या पावलांनी जाते.

पुतण्याचा एक मित्र म्हणाला, थर्मामीटर ८० दाखवतोय, झाल्या. बघितलं तर त्याची सुई हाडाला टेकली होती. हाडाचं आणि मटणाचं तापमान सारखं नसतं, म्हणून सुई हाडाला लागली की जरा मागं घ्यायची आणि आत-बाहेर सरकवत सगळ्यात कमी आकडा कुठं येतो ते बघायचं. तोच खरा. आणि कच्च्या पीसमधून काढलेली सुई साबणाच्या पाण्यानं पुसल्याशिवाय दुसऱ्यात घालायची नाही.

निखारे दोन बाजूंना सारले, तंगड्या मध्ये घेतल्या, वर मोठं पातेलं पालथं घातलं. अजून पंधरा-वीस मिनिटं लागली. ७८-८० ला उतरवल्या, ताटात पाच मिनिटं ठेवल्या तोवर आकडा अजून दोन अंश वर गेला. ज्या ताटात कच्च्या तंगड्या वर आणल्या होत्या ते ताट तोवर आईनं खाली धुवायला नेलं होतं. काकडीच्या प्रसंगाचा परिणाम. वाडग्यात उरलेलं दह्याचं मुरवणही भाजलेल्या तंगड्यांवर लावायला कोणाला मिळालं नाही. कच्च्या चिकनला लागलेलं ते, उकळल्याशिवाय वापरायचं नाही.

आई वर येऊन सिगडीकडं बघून म्हणाली, "आधी वाफवून घ्यायचं हुतं की. मी तसंच करतो." (आमच्याकडं बायकाही 'मी करतो' म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.) आणि हे खरंच उत्तम आहे. तंगड्या अळणीसारख्या वाफवून ७४ च्या पुढं नेल्या आणि लगेच जाळीवर टाकल्या की भाजण्याचं काम फक्त रंगाचं आणि धुराचं उरतं. फक्त 'सकाळी अर्धवट वाफवून ठेवू, रात्री भाजू' हे करू नये. अर्धवट शिजलेलं चिकन दिवसभर कोमट राहतं, म्हणजे कच्च्यापेक्षाही वाईट. गाड्यावर लॉलीपॉप अर्धं तळून ट्रेमध्ये रचून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की परत बुडवून देतात, तिथं मी ट्रे किती वेळचा आहे ते विचारतो. उत्तर देताना जो हसतो त्याच्याकडं खात नाही.

कलेजी हा एक वेगळा विषय. अळणीतली कलेजी आधी काढून पोरांच्या ताटात घालायची, ही आमच्याकडची लाडाची पद्धत. ती मऊ राहावी म्हणून लवकर काढतात, आत गुलाबी असतानाच. पण कॅम्पायलोबॅक्टर कलेजीच्या नुसता वर नसतो, आतही असू शकतो. कलेजी छोटी असते, ७४ ला पोचायला तिला फार वेळ लागत नाही, फक्त तेवढा द्यावा लागतो. आणि पोरांनाच ती पहिली मिळते म्हणून तर जास्त.

रात्रीचं पातेलं राहिलं. माझ्या मते आपल्या घरांत सगळ्यात मोठा धोका तिथं आहे आणि त्याकडं कोणाचंच लक्ष नसतं. तांबड्याचं मोठं पातेलं दुपारी दोनला उतरवलं होतं. पाच-सहा लिटर रस्सा, वर तवंगाचं जाड झाकण, त्यावर ताट. रात्री साडेआठला सुई घातली: ४४. आईचा नेम असा की झोपायच्या आधी एक कड काढायची आणि पातेलं ओट्यावर ठेवायचं, सकाळी शिळ्या भाकरीबरोबर तो रस्सा. चव विचारू नका.

अडचण अशी की क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा एक जिवाणू उकळीत मरतो, पण त्याचे बीजाणू मरत नाहीत. रस्सा कोमट झाला की ते उगवतात, आणि त्यांना सगळ्यात मानवणारं तापमान ४३ ते ४६ अंश. त्या तापमानाला दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतात. आमचं पातेलं नेमकं त्या घरात संध्याकाळभर बसलेलं. रात्रीची कड त्यांना मारते हे खरं, पण मागं राहिलेल्या बीजाणूंना पुन्हा पहाटेपर्यंत मोकळं रान. शिवाय हाताळताना स्टॅफिलोकॉकस नावाचा दुसरा जिवाणू पडून वाढला असेल तर त्यानं सोडलेलं विष उकळूनही जात नाही. "काल जरा पोट बिघडलं, तिखट जास्त झालं वाटतं" असं आपण म्हणतो, तेव्हा दर वेळी तिखटच दोषी असतं असं मला आता वाटत नाही.

उपाय दूध गार करतो तोच. जेवणं झाली की उरलेला रस्सा दोन-तीन पसरट भांड्यांत वाटायचा, परातीत गार पाणी घेऊन ती त्यात ठेवायची, मधून ढवळायचं, पाणी बदलायचं. अर्ध्या तासात हाताला गार लागतो. मग फ्रीजमध्ये. गरम पातेलं घातलं की फ्रीज बिघडतो म्हणून रात्रभर बाहेर ठेवायचं, याची गरजच राहत नाही. सकाळी हवा तेवढाच काढून खळखळून उकळायचा. चवीत काडीचा फरक पडत नाही, हे शिळ्या भाकरीसह तपासलेलं आहे.

पांढऱ्याचं मात्र तसं नाही. नारळाचं दूध जोरात उकळलं की फाटतं, म्हणून पांढरा नुसता कोमट करून वाढायची सवय असते, आणि नारळाच्या दुधामुळं तो टिकतोही कमी. मंद आचेवर सारखा ढवळत नेला तर ७५ पर्यंत न फाटता जातो, आम्ही नेऊन बघितला. पण त्यासाठी चुलीपाशी उभं राहावं लागतं आणि थर्मामीटर हातात असावा लागतो. आमच्या घरी आता तेवढ्या खटाटोपात कोणी पडत नाही. पांढरा बेतानंच करतात, आणि जेवणं उरकली की आई पातेलं घेऊन पंगतीत फिरते आणि ज्याच्या वाटीत जागा दिसेल त्याच्या वाटीत ओतते.